दहापैकी दहाची शाळा

अमेरिकेत मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, तुम्ही मूळचे कुठले. दुसरा, इथे कुठे राहता. आणि बरोबर मुलं दिसली की तिसरा प्रश्न आलाच म्हणून समजा, डिस्ट्रिक्ट कुठला. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे, शाळांचा इलाखा. इथे सरकारी शाळेत मुलाखत नाही, डोनेशन नाही, कुणाची चिठ्ठी चालत नाही. तुमचं घर ज्या इलाख्यात, तिथली शाळा तुमची, विषय संपला. त्यामुळे इथली माणसं घर शोधत नाहीत. आधी शाळा शोधतात आणि मग तिच्या आसपास छप्पर बघतात.

नवऱ्याची बदली न्यूयॉर्कच्या ऑफिसातून मिनियापोलिसला ठरली, तेव्हा आम्ही जर्सी सिटीत एका उंच इमारतीत भाड्याने राहत होतो. त्याने घरी येऊन बातमी सांगितली आणि मी चहाचं आधण ठेवता ठेवता ती आमच्या मराठी ग्रुपवर टाकली. चहा उकळायच्या आत सल्ले सुरू. अमुक डिस्ट्रिक्ट दहापैकी दहा, तमुक दहापैकी नऊ, आणि सातच्या खाली बघूसुद्धा नकोस, यार, मुलांचं वाटोळं होईल. वेबसाइटवर प्रत्येक शाळेला असा हिरवा, पिवळा नाहीतर लाल आकडा दिलेला असतो. तो कोण देतं, कशावरून देतं, हे मी ग्रुपवर विचारलं तर कुणाला नीट सांगता येईना. पण विश्वास मात्र सगळ्यांचा, आणि खोटं कशाला बोलू, माझाही. आपण मार्कांवर वाढलेली माणसं. शाळेलाच मार्क मिळालेत म्हटल्यावर आपल्याला कोण आनंद होतो.

मला मात्र त्या शाळेकडून एकच गोष्ट हवी होती आणि ती ग्रुपवर विचारायची सोय नव्हती.

आमची मुलगी तेव्हा चौथीत होती. बोलायला अशी पटाईत की लिफ्टमध्ये भेटलेल्या आजींना सोळाव्या मजल्यापर्यंत अख्खी गोष्ट ऐकवायची. पण पुस्तक हातात दिलं की गप्प. अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर जागा बदलतात, एकमेकांच्या अंगावर चढतात, असं ती सांगायची. डिस्लेक्सिया आहे हे तपासण्या होऊन कळलं होतं. बुद्धीला काही झालेलं नाही, वाचायला वेळ लागतो, एवढंच. पण एवढंच हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी शोभतो. वर्गात एकदा मोठ्याने वाचताना ती अडखळली, मुलं हसली, आणि त्यानंतर रोज सकाळी जॅकेटची चेन लावताना तिचं पोट दुखायला लागलं. पोटाचे डॉक्टर झाले, औषधं झाली. पोटात काही निघालं नाही. तिच्या पोटात शाळा होती.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या लोकांत सांगायची सोय आहे का? एकदा नुसतं म्हणाले, हिचं वाचन जरा मागे आहे, तर एक काकू लगेच म्हणाल्या, अगं अबॅकस लाव. अबॅकस. वाचनाला. त्या दिवसापासून मी मूग गिळून बसले. ग्रुपवर फार तर विचारायची, तिथे रीडिंगचा सपोर्ट कसा आहे, तर उत्तर यायचं, काळजी नको, हुशार मुलांचा गिफ्टेड प्रोग्रॅम एकदम टॉप. मी थम्सअपचा अंगठा पाठवून फोन पालथा घालायची.

तर मला दहा नको होते, नऊ नको होते. नव्या शाळेत माझ्या मुलीचं पोट दुखू नये, बस. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

वसंतातल्या सुट्टीत आम्ही तिघं घर बघायला तिकडे गेलो. वसंत म्हणायचं आपलं. पार्किंगच्या कडेला बर्फाचे काळे ढीग तसेच होते आणि वारा कान कापत होता. मिनियापोलिसला लागून असलेल्या ईडन प्रेरीला माझ्या आईच्या कॉलेजातली मैत्रीण राहते, तिच्याकडे उतरलो. मावशी त्या गावात इतकी वर्षं आहेत की त्यांचे दोन्ही मुलगे तिथेच शिकून, लग्नं करून, आता आईला फोनवर इंग्रजीत रागावतात. जेवताना मी शाळांचे आकडे सांगत होते आणि मावशी गरम पोळ्या वाढत होत्या.

"दहा नंबरच्या शाळेत सगळीच पोरं दहा नंबरवाली," त्या म्हणाल्या. "मग तिथं आठ नंबरवाल्यानं काय करायचं? माझ्या धाकट्याला विचार. अजून सांगत असतो."

"मावशी, आता घाबरवू नका मला."

"घाबरवत नाही गं. तू आधीच घाबरलीयेस. जेव."

दुसऱ्या दिवशी घरं बघितली. दोन पसंत पडली, दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टमधली. मधे एक मोठा रस्ता, बाकी काही फरक नाही, तेच करडे टाउनहाउस, तीच गॅरेजं. रस्त्याच्या या बाजूला दहा आणि त्या बाजूला सहा. मी एजंटला विचारलं, शाळा खरंच चांगली आहे का हो, तर तो हसून म्हणाला की त्याला ते सांगता येत नाही, कायद्याने बंदी आहे, तुम्हीच जाऊन बघा. घ्या. ज्या एका गोष्टीसाठी माणूस घर घेतो, तेवढं सोडून हा सगळं सांगणार, बाथरूमच्या फरशीसकट. दोन्ही घरमालकांना लगेच पुढच्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. म्हणून आम्ही दोन्ही शाळांना फोन केले. त्यांची सुट्टी आमच्या सुट्टीच्या आधीच होऊन गेली होती, वर्ग चालू होते. या म्हणाले.

सकाळी पहिली शाळा. दहावाली. आत शिरल्याबरोबर काचेच्या कपाटात ढाली आणि करंडक, भिंतीवर रोबोट बनवणाऱ्या मुलांचे फोटो, त्यातली निम्मी आपली दिसणारी. नवरा त्या फोटोंपाशी असा रेंगाळला की मला त्याला कोपराने ढकलावं लागलं. मुख्याध्यापिका बाई मऊ आवाजाच्या होत्या. मी मुलीचे रिपोर्ट समोर ठेवले. त्यांनी शांतपणे बघितले, आणि म्हणाल्या, काळजीचं कारणच नाही, आमच्याकडे अशा मुलांची फार छान व्यवस्था आहे. वर्गात हिला मोठ्याने वाचायला कुणी कधीच सांगणार नाही. पुस्तकं ती हेडफोनवर ऐकेल. गटात काम असेल तेव्हा शेजारचा मुलगा किंवा मुलगी वाचून दाखवेल. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही.

कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. वर्षभर जे मागत होते ते असं ताटात वाढून समोर आलं होतं. त्यांनी मुलीकडे वळून विचारलं, कसं वाटतंय तुला हे. मीच म्हणाले, वंडरफुल. मुलगी टेबलावर ठेवलेल्या हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत होती.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं, घर पक्कं करून मावशींकडे जेवायला जायचं. पण दुसऱ्या शाळेची वेळ घेतली होती आणि आयत्या वेळी नाही म्हणणं नवऱ्याच्या जिवावर येतं. नागपूरची माणसं, कुणाला नाही म्हणायचं म्हणजे घरात सुतक.

दुसरी शाळा जुनी होती. ढाली नव्हत्या, मुलांनी रंगवलेले मासे भिंतीभर लावले होते, काही उलटे. वर्गशिक्षिका उंच, पांढऱ्या केसांची, पायात धावायचे बूट. त्या म्हणाल्या, रिपोर्ट मी नंतर नीट वाचते, आत्ता वाचनाचा तास आहे, हिला बसू दे की आमच्यात. मुलं गालिच्यावर गोल करून बसली होती. एकेक जण ओढ्यांवर धरणं बांधणाऱ्या बीव्हर नावाच्या प्राण्याबद्दलचा एकेक परिच्छेद वाचायचा आणि पुस्तक पुढे द्यायचा. आमची लेक त्या गोलात जाऊन बसली आणि माझ्या लक्षात आलं की पुस्तक फिरत फिरत तिच्याकडेच येतंय. आम्ही दाराशी उभे होतो.

पुस्तक तिच्याकडे आलं तेव्हा बाईंनी विचारलं, वाचतेस की पास?

"पास," मी दारातून म्हणाले. "शी विल पास."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मी तिला विचारलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच पोरीबद्दल मला गप्प करणारी ही कोण. मी पुढे पाऊल टाकणार तर नवऱ्याने माझा कोट मागून धरला. तोवर मुलीने पुस्तक मांडीवर ओढून घेतलं होतं.

ती वाचायला लागली. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीत थॉट होतं की थ्रू, तिथे ती अडली. मागे आली, पुन्हा गेली, पुन्हा अडली. मला तो शब्द दारातून दिसत नव्हता, नाहीतर मी ओरडून सांगितला असता. कुणीच सांगत नव्हतं. एक मुलगा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता, एक मुलगी गुडघा खाजवत होती, एक जण जांभई देत होता, आणि बाई हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या. हसलं कुणी नाही, पण मदतीलाही कुणी आलं नाही. माझ्या मुलीचे कान लाल झालेले मला तेवढ्या लांबून दिसले. परिच्छेद तो केवढा, चार ओळींचा. पण त्या बीव्हरने धरण बांधलं असतं तेवढ्या वेळात. शेवटी ती पूर्णविरामाशी पोचली.

"थँक यू," बाई म्हणाल्या. "नेक्स्ट."

एवढंच. ज्या देशात मुलाने कागदी रुमाल कचऱ्याच्या डब्यात टाकला तरी गुड जॉब म्हणतात, तिथे माझ्या पोरीला साधं गुड जॉब नाही. जसं बाकीच्यांना थँक यू, तसंच हिला.

गाडीत बसल्याबरोबर मी सुरू झाले. मुलगी मागे बसून मावशींनी डब्यात दिलेल्या चकल्या खात होती.

"काय बाई आहे का कोण. पहिल्या दिवशी, ओळख ना पाळख, सगळ्यांसमोर पोरीला उभं केलं. सकाळच्या त्या मॅडमनी बघ, किती समजून घेतलं. आणि हिला गुड जॉब म्हणायला सुद्धा तोंड उघडेना."

"तू कायले इतकी भडकून राहिली," नवरा म्हणाला. तो वैतागला की त्याचं नागपूर बाहेर येतं. "वाचलं ना तिने."

"वाचलं काय वाचलं. जीव गेला माझा तिथे. ते काही नाही, पहिली शाळा. आकडा बिकडा जाऊ दे खड्ड्यात. तिथे तिला कच्चं लिंबू म्हणून सांभाळून घेतील. सुखात राहील. फोन लाव त्या मालकाला."

मागून आवाज आला. "व्हॉट्स कच्चं लिंबू?"

मराठी वर्गात शिकवतात ते शब्द तिला येतात, हा तिथे कुणी शिकवत नाही.

"मी लेमन आहे? लाइक अ बॅड कार?" तिने विचारलं. इथे विकत घेतलेली गाडी खराब निघाली की तिला लेमन म्हणतात.

"नाही गं राणी," मी मागे वळून म्हणाले. "वाईट शब्द नाहीये तो. लाडाचा आहे. आम्ही सांगलीत गल्लीत खेळायचो ना, पकडापकडी, लपाछपी, तेव्हा कुणाचं तरी छोटं भावंड असायचं. त्याला खेळायचं तर असायचं, पण जमायचं नाही. मग मोठी मुलं म्हणायची, हा कच्चं लिंबू. म्हणजे तो खेळणार सगळ्यांबरोबर, पळणार, ओरडणार, पण पकडला तरी आउट नाही. त्याच्यावर राज्य येत नाही."

"राज्य म्हणजे स्टेट ना? लाइक न्यू जर्सी?"

नवऱ्याला हसू आलं. तो म्हणाला, "ते वेगळं. खेळात राज्य म्हणजे, यू आर इट. ज्याच्यावर राज्य, त्याने बाकीच्यांना पकडायचं."

ती चकली चावत विचार करत होती. बाहेर रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फ वितळून चिखल झाला होता. मला वाटलं, चला, विषय मिटला.

"सगळ्यांवर राज्य येतं?" तिने विचारलं.

"येतं की. कधी ना कधी येतंच."

"एक्सेप्ट लिंबू."

"हो. लिंबाला त्रास नको म्हणून. अगं, राज्य कुणालाच नको असतं. दमायला होतं, सगळे चिडवतात."

"मग त्याला राज्य का म्हणतात?"

जन्मभर तो शब्द वापरला, कधी मनात आलं नाही.

"आणि लिंबूला माहीत असतं?" ती म्हणाली. "की तो लिंबू आहे?"

मला एकदम आमच्या गल्लीतली ती छोटी पोरं आठवायला लागली. माहीत असायचं की. सगळ्यांना माहीत असायचं. पकडल्यावर ती थांबायची, वाट बघायची, आणि पकडणारा त्यांच्यावरून नजर काढून दुसऱ्यामागे धावायचा. काही तरीही नाचत राहायची. काही थोड्या वेळाने घरी निघून जायची, आणि ती गेलीत हे खेळ संपेपर्यंत कुणाच्या लक्षात यायचं नाही.

"असतं," मी म्हणाले.

"फर्स्ट स्कूलमध्ये मी लिंबू," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, गणित सोडवल्यासारखी बोलत होती. "पण त्या टीचरनी मला राज्य दिलं ना, आई. सगळ्यांना दिलं तसं. दे ऑल वेटेड. कुणी वर्ड सांगितला नाही. मी स्वतः फिनिश केलं."

नवऱ्याने पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी वळवली आणि इंजिन बंद केलं. पेट्रोल भरायचं नव्हतं. तो म्हणाला, "मग काय करायचं?" माझा स्वभाव असा की त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं उत्तर तयार असतं. उत्तर आलंही होतं ओठांवर, अजूनही पहिलीच शाळा आलं होतं. कारण त्या वर्गातले तिचे लाल कान मला दिसत होते. दुसऱ्या शाळेत रोज तो गोल बसणार, रोज ते पुस्तक फिरत तिच्याकडे येणार, आणि तिथली सगळीच मुलं कायम शहाण्यासारखी वागतील याची हमी कुणी दिली नव्हती. मला तिला वाचवायचं होतं, आणि मला वाचवू देत नाहीये याचा तिच्यावरच राग येत होता.

"तू सांग," मी मुलीला म्हणाले. तिला सांगायला वेळ लागला. मी शब्द पुरवला नाही, जीभ दातांखाली धरून बसले. तिने चकलीचा डबा बंद केला, झाकण नीट दाबलं.

"दुसरी," ती म्हणाली.

"आणि सकाळी पोटात दुखलं तर?"

"दुखेल," ती म्हणाली. "पण मी जाईन."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. नवऱ्याने फोन काढला आणि दहापैकी दहाच्या घराला नाही म्हणून सांगितलं.